तळ्यावरचे चतुर

"सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण या तळ्यावर एके काळी इतके चतुर उडायचे की त्यांनी माझी टोपी उचलून पलीकडच्या बाकावर नेऊन ठेवली होती," मी म्हणालो. नात वरदा हसली नाही. ती इथे इंग्लंडमध्येच, लेस्टरच्या युनिव्हर्सिटीत तळ्यांचा गाळ तपासते आणि आमच्या घरामागच्या तळ्याचा रिपोर्ट घेऊन आली होती. "आजोबा, चतुरांच्या अळ्या गाळात वाढतात, आणि त्याच गाळात कीटकनाशक सापडलंय. कुठून येतंय ते कळलं तर उरलेले चतुर वाचतील." "टेकडीपलीकडच्या शेतातून! तो शेतकरी इतकं फवारतो की त्याच्या गाई शिंकतात. मी स्वतः ऐकलंय." "हे शेतात वापरतच नाहीत. कुत्र्यांना पिसवा होऊ नयेत म्हणून मानेवर थेंब टाकतात ना, ते औषध आहे. थेंब टाकल्यावर कुत्रं लगेच पोहलं, की सगळं तळ्यात." टेबलाखाली आमचा ढोल्या झोपला होता. बारा वर्षांच्या त्या कुत्र्याला आता तळ्यातून बॉल आणण्याएवढाच आनंद उरलाय. "आमचा ढोल्या तर पाण्याला इतका भितो," मी म्हणालो, "की पाऊस आला तर छत्री तोंडात धरून चालतो." तेवढ्यात सुप्रभा, माझी बायको, टॉवेल घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, पुरे झालं. आज सकाळीच तुम्ही त्याला थेंब टाकलेत आणि दुपारी तळ्यात बॉल फेकलात. हा त्याचा टॉवेल अजून ओला आहे."