तानीची कोंबडी

खंडेराव ठेकेदारांनी पाठवलेली पापलेटांची टोपली डॉ. नाडगौडांनी जशीच्या तशी परत केली. तासाभरात खंडेराव स्वतःच दवाखान्यात हजर झाले.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं. खंडेरावांच्या बोईसरजवळच्या खाणीतून तिथे खडी जायची. खाणीवरच्या मजुरांसाठी त्यांनी हा दोन खोल्यांचा दवाखाना काढला होता. आधीचे डॉक्टर गावी गेले आणि त्यांच्या जागी सांगलीकडचे नाडगौडा आले, त्याला महिनाच झाला होता.

"मासे खात नाही का?" खंडेरावांनी विचारलं.

"खातो. फुकटचे खात नाही."

खंडेराव रागावले नाहीत. "डॉक्टर, धंद्यात घेणारा माणूस बरा. त्याने घेतलं की काम होणार, नाही घेतलं की होणार नाही, एवढं तरी कळतं. तुमचं काय समजायचं माणसानं?"

ते गेल्यावर कंपाउंडर पुंजाराम बाटल्या पुसता पुसता म्हणाला, "आधीचे डॉक्टर सगळं घ्यायचे. मासे, ताडी, कोंबड्या. पण मनाने वाईट नव्हते हो. एखादीची कोंबडी परतही करायचे. पोराच्या डोक्यावरून हात फिरवून."

"हडकुळी असेल," नाडगौडा म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. प्रामाणिक माणसाला असतो तेवढा गर्व त्यांनाही होता.

त्याच दुपारी खाणीपलीकडच्या पाड्यावरची तानी आली. खांद्यावर चार वर्षांची सोमी, काखेत लाल कोंबडी. नवरा जिव्या गेल्या साली खाणीत दगडाखाली गेला होता. सोमीखेरीज तिला कुणी उरलं नव्हतं.

पोरीला धाप लागली होती, अंग भाजत होतं. डॉक्टरांनी छाती तपासली. न्यूमोनिया होता, पण आईने वेळेवर आणली होती. त्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं.

"हिला इथेच खाटेवर ठेव. आणखी चार दिवस इंजेक्शनं देऊ. बरी होईल."

तानीने कोंबडी पुढे केली. "घ्या, डाक्टर."

"नको."

"घ्या ना. अंड्यावरची हाय."

"तुझ्याजवळच राहू दे." त्यांनी सोमीच्या डोक्यावरून हात फिरवला.

तानीने हातातलं चांदीचं कडं काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी तेही तिच्या हातात परत दिलं. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. नाडगौडांनाही भरून आलं. काही न घेता हिच्यासाठी आजवर कुणी काही केलंच नसेल, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात खाणीवरून हात चेचलेला मजूर आणला. आतल्या खोलीत त्याची पट्टी करून ते बाहेर आले, तर खाट रिकामी.

"पुंजाराम! काय मागितलंस तिच्याकडे?"

"आईशपथ, साहेब, काडीसुद्धा नाही!"

नाडगौडांचा विश्वास बसला नाही. तुझ्या चिरीमिरीपायी पोरीचा जीव जाईल, म्हणून त्यांनी त्याला नाही नाही ते सुनावलं. मजुराला पालघरला नेणं भाग होतं, त्यात दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते औषधाची पिशवी घेऊन पाड्यावर निघाले. चढ चढताना सारखं मनात येत होतं, पोर तगली पाहिजे.

तानी झोपडीपुढे बसली होती. लाल कोंबडी अंगणात माती उकरत होती.

"सोमी कुठाय?"

तिने ओढ्याच्या काठाकडे बोट केलं. तिथे मातीचा एक लहानसा ताजा उंचवटा होता.

डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली. "पुंजारामने पैसे मागितले ना? खरं सांग. मी त्याला सोडणार नाही."

"नाय. त्यानं काय नाय मागितलं."

"मग का नेलीस तिला? बरी होईल म्हणून मी सांगितलं होतं."

"तसं तर आदीचा डाक्टरबी सांगायचा," तानी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी कोंबडी घेतली नाय, तवाच मना समजलं. म्हटलं, मरायचीच हाय तर घरात मरूं दे."

"काय समजलं?"

"तो सगल्यांची कोंबडी घ्यायचा, डाक्टर. पोर जगायचं नसलं, तरच परत द्यायचा."