एकाच नावाची यादी

लिस्प या संगणकभाषेतलं ते फंक्शन हजार नावांची यादी चुटकीसरशी क्रमाने लावायचं, पण यादीत एकच नाव असलं की कोलमडायचं. समीक्षाने दोन दिवस खपून ते दुरुस्त केलं.

संध्याकाळी ऑफिसातून योगेंद्र सरांचा फोन आला. "एकच नाव असलेली यादी देणार कोण? तुझ्या त्या जादा तपासणीपायी फंक्शन हळू झालंय. काढून टाक ती."

"नाही काढणार, सर. हळू तर हळू. एकट्या नावाचंही काम व्हायलाच हवं."

तिने फोन ठेवला, लॅपटॉपची बॅग पाठीला लावली आणि कशेळ्याच्या जीप-स्टँडवरून डोंगरावरच्या वाडीची वाट पायीच धरली.



फोन येण्याआधीच जीपवाल्याने तिला खाली उतरवलं होतं, "एका पॅसेंजरसाठी गाडी वर नाय जात गं."