आधीची आणि नंतरची

बेल वाजली तेव्हा दार थोरलीनेच उघडलं. दारात एक बाई उभी, काखेत कंबर बारीक करायच्या पट्ट्याचा खोका. तिने थोरलीच्या खांद्यावरून आत डोकावलं आणि हाक मारली, "कुणी आहे का घरात?"

"मी आहे की," थोरली म्हणाली.

बाई केवढी दचकली. उघड्या दारात माणूस उभं आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मग ओशाळून म्हणाली, चौकातल्या जाहिरातीच्या फलकावर ज्यांचा फोटो आहे त्यांना भेटायचंय. पट्टा तर घेऊन बसले, पण बांधायच्या आधी एकदा विचारावं म्हटलं, त्याने खरंच कंबर उतरते का.

आता त्या फलकाची गंमत ऐका. त्यावर डावीकडे एक जाड बाई आहे, तिच्यावर लिहिलंय 'आधी'. उजवीकडे बारीक बाई, तिच्यावर 'नंतर'. बघणाऱ्याला वाटावं, बाई एकच. पण डावीकडची थोरली आणि उजवीकडची धाकटी. सख्ख्या बहिणी, नाकडोळे अगदी सारखे, फरक काय तो अंगाचा. फोटोवाल्याला तर लॉटरीच लागली. थोरलीला म्हणाला, पोट सोडा आणि हसू नका. धाकटीला म्हणाला, हसा. पट्टा दोघींपैकी कुणी धड घातलासुद्धा नाही. धाकटीला तो ढगळ झाला, तेव्हा कपडे वाळत घालायचे चिमटे मागून लावून भागवलं. घरी येईपर्यंत दोघी हसून हसून बेजार.

फलक लागला आणि हसू आटत गेलं. धाकटीला रस्त्यात बायका थांबवायला लागल्या, काय कायापालट केलात हो म्हणून. ते एक ठीक. पण थोरली लोकांच्या नजरेतून उतरायला लागली, आणि तेही खरोखरच. दातांच्या दवाखान्यात ती नावं लिहून घ्यायला समोरच्याच टेबलाशी बसते. पेशंट तिच्या पुढ्यात उभे राहून ओरडायचे, इथे कुणी नाही का? बसमध्ये एक गृहस्थ चक्क तिच्या मांडीवर बसायला निघाले. रोज गप्पा मारणाऱ्या शेजारणीने एकदा डोळे बारीक करून विचारलं, तुम्हाला कुठं बरं पाहिलंय? मग तिचं तिलाच आठवलं. म्हणाली, हां, फलकावर. पण ती आता तशी राहिली नाही ना.

थोरलीने मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

पाहुणीला तिने आत बसवलं आणि आतून येणाऱ्या धाकटीचा हात धरला. "आज सांगून टाक. आपण दोघी आहोत, एवढंच सांग. मला भीती वाटते गं."

धाकटी म्हणाली, सांगते की, त्यात काय एवढं. आणि सांगायचं तिच्या मनात होतंही.

पण तिला बघून पाहुणी उठूनच उभी राहिली. डोळे भरून बघत राहिली. नवरा चारचौघांत टोचून बोलतो म्हणाली, आरशासमोर जायचंसुद्धा सोडलंय म्हणाली. मग भीतभीत विचारलं, "त्या डाव्या फोटोतल्याही तुम्हीच ना?"

थोरली दाराला टेकून उभी होती. धाकटीने तिच्याकडे पाहिलंच नाही. कौतुक कुणाला नको असतं?

"मीच," ती लाजून म्हणाली. "तेव्हा कशी दिसायचे, बाई गं."

आई चहाचा ट्रे घेऊन आली. एक कप पाहुणीला दिला, एक धाकटीला, एक स्वतः घेतला. ट्रे रिकामा झाला.

"आई, मला?" थोरलीने विचारलं.

आईने धाकटीकडे पाहिलं. "तुझ्या हातात आहे तो काय मग?" आणि जवळ येऊन तिच्या कपाळाला हात लावला. "घसा बसलाय का? आवाज पूर्वीसारखा येतोय तुझा."

धाकटीने कप खाली ठेवला. तिने दाराकडे पाहिलं. दाराच्या कडेवर चार बोटं दिसत होती, तेवढीच. ती थोरलीने काढून घेतली की दिसेनाशी झाली, कोण जाणे. दार मात्र मोकळं झालं.

"नाही हो," धाकटी घाईघाईने म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "खोटं बोलले मी. पट्ट्याने बारीक झालेच नाही मी. ती माझी बहीण आहे, माझी ताई. आम्ही दोघी आहोत." तिने आईचा दंड धरून हलवला. आई, तू तरी सांग ना यांना. आई काहीतरी आठवायचा प्रयत्न केल्यासारखी तिच्याकडे बघत राहिली.

पाहुणीचा चेहरा मात्र उजळला. तिला वाटलं, स्वतःचं जुनं रूप स्वतःलाच परकं वाटावं, एवढा फरक! तिने घाईघाईने खोका फोडला, पट्टा कपड्यांवरूनच कमरेला आवळला, श्वास रोखून शेवटचा हुक अडकवला. मग धाकटीच्या कानाशी वाकली, खाली स्वतःकडे बोट दाखवलं, आणि स्वतःलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात विचारलं,

"हिला जायला किती दिवस लागतील?"