दगडावरची मिलुंका

मृतांच्या शनिवारी सगळं गाव कब्रस्तानात जमलेलं असताना रादिशा पाथरवटाला घेऊन आला आणि बापाच्या थडग्याच्या दगडावर कोरलेलं आईचं नाव त्याला दाखवलं. आई, म्हणजे मिलुंका, शेजारीच उभी होती.

आमच्याकडे नवरा गेला की त्याच दगडावर बायकोलाही उरकून घेतात. नाव कोरतात, फोटो बसवतात, जन्माचं साल घालतात आणि मरणाच्या सालाचे १९ एवढे दोनच आकडे घालून पुढे जागा सोडतात. उरलेले दोन ती मेल्यावर. मिलुंकाचा नवरा झिवान गेला १९७९ साली. पुढे शतक संपलं, नवं लागलं, आणि मिलुंका आपली जिवंतच. दगडावरचा १९ खोटा पडला.

रादिशाला खरी चिंता आकड्याची नव्हती. पलीकडच्या गावचा ओब्राद, मधमाश्या पाळणारा विधुर, मिलुंकाला म्हणाला होता की माझ्याकडे राहायला ये, आणि तिने नाही म्हटलं नव्हतं. सत्तरीची बाई! आकडा एकदाचा दुरुस्त केला की लोकांची तोंडं बंद होतील आणि आईलाही आपली जागा कळेल, असा रादिशाचा हिशेब.

ती जागा तिला वीसहून जास्त वर्षं दाखवलीच जात होती. लग्नात पाय थिरकला की कुणीतरी टोकायचं, दगडावर नाव आहे बाई तुझं. काळा झगा, काळा रुमाल, आणि दर सणाला स्वतःच्याच फोटोखाली मेणबत्ती. जिवंतपणी मसणात पोचवलेली बाई दुसरं काय करणार? आज मात्र ती निळा झगा घालून आली होती, आणि लोक प्रार्थना सोडून तिच्याकडे बघत होते.

पाथरवट सावाने दगडावरून अंगठा फिरवला. नवाचा शून्य कसाबसा होईल म्हणाला, पण एकाचा दोन करायचा तर दगड खरवडावा लागेल.

"खरवडू नकोस," मिलुंका म्हणाली. "पुढे ७९ घाल."

"आई, डोकं ठिकाणावर आहे ना? त्या साली बाबा गेले."

"हीपण गेली." तिने फोटोतल्या काळ्या रुमालाकडे बोट दाखवलं. "तुम्ही तिला फोटोला बसवलंत ना, त्याच दिवशी. तिच्यासाठी कुणी रडलंसुद्धा नाही."

बाबा एकटे पडतील, असं रादिशा पुटपुटला.

"पलीकडच्या दगडाखाली त्यांची आई आहे की. जन्मभर तिचंच ऐकलं, आता निवांत ऐकू देत."

सावा छिन्नी शोधायच्या निमित्ताने खाली वाकला. रादिशाचे कान लाल झाले होते. तू मेल्यावर तुला पुरायचं कुठे, असं त्याने विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा. तेव्हा मी भांडायला येणार नाही."

सावाने दोघांकडे पाहिलं. ज्याचं नाव त्याचा शब्द, एवढंच म्हणाला आणि हातोडी उचलली. रादिशा पाठ फिरवून फाटकापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

दोन्ही आकडे कोरून झाल्यावर मिलुंकाने मातीवर थोडी वाइन ओतली. मग भाकरीचा तुकडा तोडून शेजारच्या यागोदापुढे धरला. यागोदाही विधवा, स्वतःच्या फोटोसमोर उभी, आणि गावातली सगळ्यात तिखट जीभ तिची. पण या दिवशी मृताच्या नावाने दिलेली भाकरी कुणी नाकारत नाही.

"मिलुंकाच्या नावाने," मिलुंका म्हणाली.

यागोदाने भाकरीकडे पाहिलं, निळ्या झग्याकडे पाहिलं. मग छातीवर क्रूसाची खूण केली.

"देव तिच्या आत्म्याला शांती देवो," ती म्हणाली आणि तुकडा तोंडात टाकला. तो गिळून होईपर्यंत ती आपल्या दगडाकडे बघत राहिली.

"सावा," तिने हाक मारली, "हत्यारं आवरू नकोस इतक्यात."