खिशातला आरसा

आम्ही हिवाळाभर पितो ते पाणी म्हणजे तळ्यावरून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या. कापताना नियम एकच, दर लादीमागे एकमेकांचं तोंड बघायचं. गाल गोठून पांढरा पडला तरी स्वतःला कळत नाही, समोरच्यानेच सांगावं लागतं. आज उणे अडतीस होतं आणि मी एर्चिमदादाकडे बघतच नव्हते. याकुत्स्क शहरातली मास्तरकीची शाळा मध्येच सोडून आले म्हणून सकाळी त्याने सगळ्यांदेखत मला ‘मास्तरीणबाई’ म्हटलं होतं. “इकडे तोंड कर,” करवत थांबवून तो म्हणाला. “काही गरज नाही. माझ्याकडे आरसा आहे.” मी खिशातला आरसा काढला, तर तो माझ्याच श्वासाने पांढरा झाला. पुसला, तर परत पांढरा. दादा हसला असता तर मी त्याला हातातल्या, लाद्या ओढायच्या आकडीने बदडलं असतं, पण तो हसला नाही. मी पाठ फिरवून लाद्या ओढत राहिले. तो मात्र दर लादीमागे वळसा घालून माझ्यासमोर यायचा, तोंड बघायचा आणि गुपचूप परत जायचा. सातव्या वेळी मला इतका संताप आला की त्याच्यावर ओरडायला मी मान वर केली. त्याच्या डाव्या गालावर नाण्याएवढा पांढरा डाग होता. मी हातमोजा काढून त्यावर तळवा धरला. गाल मेणासारखा गार लागला. “दादा, कधीपासून आहे हे?” “मला कसं कळणार?” तो म्हणाला. “आज मास्तरीणबाईंनी हजेरीच घेतली नाही.”