खंडेनवमीचं ऑइल

पाने, पकडी आणि स्क्रू ड्रायव्हर हळदीकुंकू लावून पाटावर बसले होते. अंगणात गाडी काळ्या ऑइलवर अडून उभी होती. आणि दोहोंच्या मध्ये भैरू खुर्ची टाकून बसला होता, चेहऱ्यावर साऱ्या नवरात्राचं पुण्य घेऊन.

“वहिनी, आज खंडेनवमी. हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या दसऱ्याची पूजा झाली की खुशाल उचला.”

मैनाला उद्या चालणार नव्हतं. हडपसरच्या एका कंपनीतल्या बायकांना ने-आण करायचं काम तिला मिळत होतं. संध्याकाळी कंपनीचा माणूस मुनव्वर गाडी बघायला येणार होता. ऑइल जुनं दिसलं की गाडी नापास. दीर-भावजयीचा वाद मिटावा म्हणून सासूबाईंनी, तुळजाबाईंनी, निकाल आधीच देऊन ठेवला होता. गाडी पास झाली तर मैनाची, नाही तर भैरूची. गाडी त्यांच्याच नावावर असल्यामुळे पुढे अपील नव्हतं.

भैरूनं हिशेब चोख मांडला होता. देवदर्शनाला म्हणून नेलेली गाडी त्यानं आठवडाभर दामटली आणि आज सकाळी आणून लावली. ऑइलचं पार काजळ झालेलं. आसपासच्या गॅरेजांत पूजा, काम बंद. उरली घरातली पेटी. एरवी देव्हाऱ्याकडे पाठ करून चहा पिणारा हा माणूस पहाटे उठला, आंघोळ केली आणि पेटीतला एकूण एक पाना स्वतःच्या हातानं पूजेला मांडला. लेकाची भक्ती पाहून तुळजाबाईंना भरून यायला हवं होतं. त्या नुसत्या “बरं” म्हणाल्या.

मैनाचा नवरा सोनबा घरात वाद झाला की शेतावर जायचा. शेत बिल्डरला गेल्यापासून तो दाढी करायला जायचा. आत्ताही तिकडेच होता.

मैनानं गाडी थोडा वेळ चालू ठेवली, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग बंद केली, पोतं अंथरलं, पत्र्याचा डबा सरकवला आणि आडवी होऊन गाडीखाली हात घातला.

“काय करताय?” भैरूनं विचारलं.

“ऑइल काढतीया, भाऊजी.”

“कशानं? दातानं?”

खटका वाजला. रबराच्या नळीतून काळी धार डब्यात पडू लागली. मागच्या खेपेला ऑइल बदलताना मैनानं खालचा बोल्ट कायमचा काढून तिथं पितळी तोटी बसवली होती. खटका दाबायचा, बोटानं फिरवायचा, झालं. भैरूनं आठवडाभर गाडी चालवली, पण खाली वाकून बघितलं नव्हतं. त्याच्या हिशेबात तिथं अजून बोल्टच होता.

“आई, तोटी म्हंजी हत्यारच की!”

ओट्यावर बसून तुळजाबाई झेंडूची फुलं ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “मग तूबी आज नळाचं पाणी पिऊ नगंस.”

धार थांबली. मैनानं तोटी बंद केली आणि फिल्टरला हात घातला. तो मात्र हलेना. गरम पत्र्यावरून बोटं घसरली. तिनं पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला, बोटं भाजली, फिल्टर जागचा हलला नाही. भैरू खुर्चीत पुढे सरकला.

“पाना लागंल त्याला, वहिनी,” तो मायेनं म्हणाला. “पर आज...”

मैना बाहेर आली. हात मातीनं घासून कोरडे केले, पदर सोडवला आणि पुन्हा आत शिरली. पदराचे वेढे फिल्टरभोवती करकचून आवळले आणि दात खाऊन पीळ दिला. आधी पदर फाटल्याचा आवाज आला. मग फिल्टर फिरला.

आधीच आणून ठेवलेला नवा फिल्टर तिनं हातानंच घट्ट केला, वरचं झाकण उघडलं आणि नवं ऑइल ओतायला नरसाळं घेतलं.

“नरसाळं!” भैरू उठून उभाच राहिला. “हे तरी हत्यार हाय का न्हाई?”

“मग पहाटं पाटावर का न्हाई बसवलंस त्याला?” तुळजाबाई म्हणाल्या आणि पुढचं फूल ओवलं.

मुनव्वर उन्हं कलताना आला. त्यानं ऑइलची पट्टी ओढून उजेडात धरली. टोकाला मधासारखा रंग लकाकत होता. त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं, जमिनीवर एक डाग नव्हता.

“गाडी कोण बघतं?” त्यानं विचारलं.

भैरूनं घसा खाकरला. तेवढ्यात दाढी करून आलेल्या सोनबानं, आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर, मैनाकडे बोट दाखवलं.

“उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा सकाळी गेटवर या, ताई,” मुनव्वर म्हणाला.

तो गेला आणि अंगणात तुळजाबाईंचा आवाज उठला.

“मैना, हितं ये. हात दाखव.”

मैनानं हात पुढं केले. कोपरापर्यंत काळे, नखं तुटलेली, दोन बोटांवर फोड. भैरूच्या जिवात परत जीव आला. “बघ आई, सणाच्या दिवशी काय अवतार ह्यो!”

“आज हत्याराला हात लावला न्हाईस म्हनतीस?” तुळजाबाईंनी विचारलं.

“न्हाई, आत्याबाई. देवाशप्पथ.”

“मग ही काय हायेत?” त्यांनी तिची दोन्ही मनगटं धरली, पाटावरचे पाने बाजूला सारले आणि तिला तिथं बसवलं. त्या काळ्या तळहातांवर हळदीची बोटं ओढली, वर कुंकू टेकवलं, फुलं वाहिली. मग वळून म्हणाल्या,

“उद्या पूजा हुईस्तोवर ही उचलायची न्हाईत. भैरू, भाकऱ्या थापाय घे.”