अकरा सामन्यांचं कार्ड

"बाबा, स्टॉप! फाटतंय ते!"

शेजारच्या सीटवरून मुलगी, इला, ओरडली तसा अतुलने हात थांबवला. शेवटचे दिवस मोजणाऱ्या माणसांना ठेवतात, त्या हॉस्पिसच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती. हीटर फुल्ल सोडून, त्याच्या झोतासमोर कार्ड धरून तो अर्धा तास त्याचं प्लास्टिक नखाने उचकटत होता. एक कोपरा सुटला होता खरा, पण प्लास्टिकबरोबर कार्डाच्या पाठीवरचा कागदही सोलून आला होता.

कार्ड पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचं. समोर तेवीस वर्षांचा अर्नी लिंडक्विस्ट, आइस हॉकीचा गोली, म्हणजे गोलरक्षक. तोंडावर मास्क नाही, गालावर टाके. मागे बारीक अक्षरात त्याचा पहिला सीझन : अकरा सामने, दोन विजय. पुढच्या सीझनला त्याला कोणी घेतलंच नाही, त्यामुळे सगळी कारकीर्द तेवढीच.

ते कार्ड अर्नीने जन्मभर शर्टाच्या खिशात बाळगलं. डोळे गेल्यावर तो ते बोटांनी वाचायचा. झिजून मऊ पडलेला कोपरा, कार्डाबरोबर त्याच पाकिटात मिळायच्या त्या च्युइंगमचा खरबरीत डाग. मग नाकाशी धरायचा. च्युइंगमचा वास म्हणे अजून यायचा. नोव्हाय गावातल्या बर्फाच्या रिंकवर त्याने इलाला गोलमध्ये उभं राहायला शिकवलं होतं. आपल्यावर गोल झाला की नेटवर ठेवलेली पाण्याची बाटली उचलायची, एक घोट प्यायचा आणि परत उभं राहायचं, हा त्याचा पहिला धडा. गेल्या आठवड्यात कार्ड त्याने तिला दिलं, फक्त तिच्या फायनल मॅचपुरतं.

आणि अतुलने ते लॅमिनेट करून टाकलं. कोणाला न विचारता, मोठ्या हौसेने. दहावीच्या मार्कशीटपासून इलाच्या जन्मदाखल्यापर्यंत घरातला मोलाचा प्रत्येक कागद त्याने असाच जपला होता. चांगलं करायला गेला आणि माती केली.

"हरवलं म्हणून सांगू या का गं?" त्याने विचारलं. आपल्याच आवाजाची त्याला लाज वाटली.

"ही इज डाइंग, बाबा. सकाळपासून दोनदा फोन आलाय. ही जस्ट वॉन्ट्स हिज कार्ड."

खोलीत पावलं वाजताच अर्नीने पलंगावरून हात पुढे केला. इलाने कार्ड त्याच्या तळहातावर ठेवलं.

बोटं कोपऱ्याकडे गेली. तिथे प्लास्टिकची टोकदार कड लागली. बोटं डाग शोधत सगळीकडे फिरली आणि नुसतीच घसरली. त्याने कार्ड नाकाशी नेलं, खोल श्वास घेतला. उलटं केलं, परत घेतला. मग हात हळूच छातीवर उतरला.

इला रडायलाच लागली. दाराशी उभ्या अतुलला पळून जावंसं वाटलं.

"इट वॉज मी, सर," तो म्हणाला. "आय... आय वॉन्टेड इट टु लास्ट."

अर्नीने आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. नळीतला ऑक्सिजन तेवढा सुरसुरत होता.

"हाउ मेनी गॉट पास्ट यू, किड?" त्याने इलाला विचारलं.

"फाइव्ह. वी लॉस्ट."

"यू ड्रिंक?"

"एव्हरी टाइम, कोच."

अर्नीने मान हलवली. चाचपडत कार्ड खिशात सरकवलं. मग उशाशी ठेवलेल्या ग्लासकडे बोट केलं.

"गिव्ह युअर डॅड सम वॉटर."

इलाने डोळे पुसले, ग्लास भरला आणि बाबाच्या हातात दिला. अतुलने तो ओठांना लावला. घोट काही केल्या घशाखाली उतरेना.

अर्नी दाराच्या दिशेला कान लावून त्या घोटाची वाट पाहत होता.